पारडी २६ दिवसांची, गवताला तोंड लावलेलं नाही. मग पोटात जंत आले कुठून?

येळ्ळूरचा गोठा

नमस्कार मंडळी. येळ्ळूरला आमचा लहानसा गोठा आहे, तीन म्हशी आणि एक गाय. थोरली म्हैस नागपंचमीच्या आदल्या रात्री व्याली, पारडी झाली. आज २६ दिवस झाले, गणपती चार दिवसांवर आलाय. पहिले पंधरा दिवस पारडी झकास होती, दाव्याला हिसके देऊन उड्या मारायची. मग पोट नगाऱ्यासारखं फुगायला लागलं, केस राठ झाले, शेण राखाडी, चिकणमाती कालवल्यागत. वास असा आंबूस की गोठ्यात शिरल्याबरोबर नाकात बसतो. तिच्या तोंडालाही तसाच वास येतोय.

काल सकाळी खालचं पोतं बदलताना बघतो तर शेणात तीन लांब किडे. पांढरट गुलाबी, वितीपेक्षा मोठे, दोन्ही टोकं निमुळती, अंग ओल्या काचेसारखं गुळगुळीत. दोन गार पडलेले, एक सावकाश वळत होता. मी उकिडवा बसून बघत राहिलो. आई मागनं म्हणाली, "काय बघूलास रे एवढं? गांडूळ हाय ते, पावसाचं आत शिरलं असंल."

आता मला सांगा, गांडूळ पारडीच्या पोटात जाईल कसं? खाली शहाबादी फरशी आहे, वर पोतं. चाऱ्याची काडी अजून तोंडात गेलेली नाही. आईचं दूध सोडून काही नाही. शेजारच्या मामांचं म्हणणं दृष्ट लागली. लिंबू-मिरची बांधून झाली, आईनं वावडिंग पण उगाळून चाटवलं. डॉक्टर सोमवारी येतो म्हणालेत.

अजून एक. जिवंत होता तो लोणच्याच्या बरणीत पाणी घालून ठेवला, डॉक्टरांना दाखवायला. आज सकाळी बघतो तर फुटलाय, आणि आतनं पांढऱ्या शेवयांचा गुंता बाहेर आलाय. ती त्याची पिल्लं का? हात लावायचं धाडस झालं नाही.

आणि खरी काळजी ही की खरवस सगळ्या गल्लीनं खाल्लाय, दूध चार घरी जातंय.

काकतीकडचा

गूळ पाजला असणार कुणीतरी. गोड दिलं की जंत होतात, आमच्या आजीचं ठाम मत. कुंदा खाणाऱ्या बेळगावकरांच्या पोटात तर कारखाना असायला पाहिजे 😄

मेणाचा ट्रे

येळ्ळूरकर, बरणी फेकू नका.

मी बेळगावातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ३१ वर्षं सहायक होतो. प्राध्यापक नव्हे, ट्रे लावणारा माणूस. शिकवायचे ते सर. जंत जमवायचे, फॉर्मालिनात घालायचे, परीक्षेच्या सकाळी मेणाच्या ट्रेत एकेक मांडायचे, हे माझं काम. धारवाडहून परीक्षक यायचे (राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० ला झालं, तोवर आम्ही कर्नाटक विद्यापीठाखाली). ते आधी ट्रेकडं बघायचे, मग पोराकडं. तेव्हा माझं ज्ञान पुस्तकातलं थोडं आणि हातातलं जास्त आहे, तसंच समजून वाचा.

आधी काळजीचं बोलू. जंत दुधातून आले. तुमच्याच म्हशीच्या.

वासरा-रेडकांच्या या जंताला टॉक्सोकारा विटुलोरम म्हणतात. मोठ्या म्हशीच्या शेणात शोधलात तर काही सापडणार नाही, कारण तिच्या आतड्यात तो नसतोच. तिनं कधीतरी, बहुतेक तुमच्याच गोठ्यात, जमिनीवरची अंडी चाऱ्याबरोबर किंवा चाटून गिळली. अंड्यातनं निघालेली बारीक अळी आतड्याची भिंत भोकून आत शिरली आणि यकृतात, फुप्फुसात, मांसात जाऊन गप्प पडून राहिली. वाढ नाही, त्रास नाही. म्हैस व्यायला आली की या अळ्यांना जाग येते, त्या कासेकडं सरकतात आणि चिकातून, नंतरच्या आठ-दहा दिवसांच्या दुधातून रेडकाच्या पोटात उतरतात. तिथं मात्र झपाट्यानं वाढतात. तीन ते चार आठवड्यांत पूर्ण जंत, अंडी सुरू. तुमचे २६ दिवस त्यात बरोबर बसतात. शहाबादी फरशीचा काही दोष नाही, आणि शेजारच्या मामांच्या दृष्टीचाही नाही.

खरवस उकडलेला असतो आणि दूध तुम्ही-आम्ही तापवूनच पितो. अळी त्या उष्णतेत टिकत नाही. गल्लीला घाबरवू नका. फक्त धारेचं कच्चं दूध पोरांना देऊ नका, आणि ते तसंही देऊ नये.

काकतीकर, गोडानं जंत होत नाहीत. जंत अंड्यातनं किंवा अळीतनंच होतो. कुंदा खुशाल खा, साखर वाढली तर तो वेगळा दवाखाना.

आता गांडुळाचं. एखादं गांडूळ कोऱ्या कागदावर उलटं ओढा, बारीक खरखर ऐकू येते, ते त्याचे केस. अंगावर कडी दिसतात, आत तांबडं रक्त असतं. मुख्य म्हणजे त्याला स्नायूंचे दोन थर, एक आडवा गोल आणि एक उभा. म्हणून ते आखडून जाड होतं आणि ताणून बारीक होतं, तसं सरकत जातं. तुमच्या जंताला कडी नाहीत, केस नाहीत, आणि स्नायूंचा गोल थर तर मुळीच नाही. फक्त उभे. त्यामुळं आखडून-ताणून सरकणं त्याला जमत नाही, धनुष्यासारखं वाकणं तेवढं जमतं, एकदा पाठीकडं, एकदा पोटाकडं. सपाट फरशीवर ठेवला तर जागच्या जागी वळतो, पुढं जात नाही, कारण अंग रेटायला दोन्ही बाजूंना भिंत लागते. आतड्यात ती मिळते. तुम्ही उकिडवे बसून जे बघत होता ते हेच.

एकाच थरावर चालतं कसं? सायकलची ट्यूब आठवा. जंत म्हणजे ठासून भरलेली ट्यूब, हवेच्या जागी पाणी. आतला दाब सरासरी ७० मिलिमीटर पाऱ्याइतका मोजलेला आहे, वळवळताना आणखी चढतो. आपला खालचा रक्तदाब ८०, म्हणजे बघा. गोल स्नायूचं काम हा दाब आणि वरची कातडी मिळून करतात. कातडीत तंतूंचे थर तिरपे, एकमेकांना छेदून विणलेले असतात, टायरातल्या दोऱ्यांसारखे. एका बाजूचा उभा स्नायू आखडला की दुसरी बाजू त्या दाबानंच ताणली जाते. हाड नाही, तरी ताठ.

मला हे कळलं ते चष्म्यावर. नवा होतो, ताजा जंत धुऊन ट्रेत ठेवला आणि सरांनी सांगण्याआधीच सुई टोचली. पिचकारी उडाली ती थेट डोळ्यांकडं. सर हसले नाहीत. म्हणाले, "ताज्याला आधी विचारावं लागतं." त्यानंतर मी चष्मा असूनही डावा हात आडवा धरायला शिकलो.

तुमचा जंत फुटला तोही याच कारणानं. साधं पाणी त्याच्या कातडीतून आत शिरतं, फुगतो, आणि एवढ्या दाबाची ट्यूब आणखी किती सोसणार? या रेडकांच्या जंताची कातडी मुळात मऊ आणि अर्धपारदर्शक, डुकराच्या जंतापेक्षा लवकर फुटते. जिवंत ठेवायचा असेल तर लिटरभर कोमट पाण्यात ९ ग्रॅम मीठ, एवढंच. तसा त्याला जिवंत ठेवून तुम्ही करणार काय, ते वेगळं.

आणि शेवया. पिल्लं नव्हेत. ती एकाच मादीची बीजकोशाची आणि गर्भाशयाची नळी आहे. पोरं हमखास इथंच चुकायची, "सर, याच्या पोटात आणखी जंत आहेत" म्हणायची. अंगापेक्षा कितीतरी पट लांब अशा दोन नळ्या आत वेटोळी घालून बसवलेल्या असतात. टोकाला केसाएवढ्या बारीक, पुढं जाड होत जातात, आणि शेवटी दोन्ही मिळून एका छिद्रापाशी येतात. माणसाच्या आणि डुकराच्या जंतात ते छिद्र डोक्याकडून साधारण एक तृतीयांश अंतरावर, पोटाच्या बाजूला, आणि तिथं अंग किंचित आवळलेलं दिसतं. ती खूण सापडली की पोराला पाच मार्क. ट्रेत टाचण्या लावून या नळ्या न तोडता सोडवायच्या म्हणजे ओल्या लोकरीचा गुंता सोडवणं. तुमचं काम पाण्यानं फुकट करून दिलंय.

बरणीत त्या गुंत्याशेजारी एक चपटी, फितीसारखी सरळ नळी दिसते का बघा, पिवळट-तपकिरी. ते आतडं. पेशींचा एकच थर, त्याला स्वतःचा स्नायू नाही. बाहेर एवढा दाब असताना अन्न आत जाणार कसं, आतडं तर चेपून बसणार. म्हणून तोंडामागची अन्ननलिका जाड स्नायूची, आतली पोकळी तीन कोनांची. स्नायू आखडला की ती उघडते, घोट आत ओढते, पुढं ढकलते. हापशी समजा. मागचं दार मात्र उघडलं की आतल्या दाबानं सगळं आपोआप बाहेर, जोर काढावा लागत नाही.

तोंडाला तीन ओठ असतात, एक पाठीकडं, दोन पोटाकडं. भिंगाखाली टोक उभं धरून बघायचं, तीन पाकळ्यांची कळी दिसते. दात नाहीत, आकडे नाहीत, भिंतीला चिकटत नाही. आतड्यातलं सगळं वाहतं असताना हा त्यात सारखा उलट पोहत, अंगाचा बाक भिंतीला रेटून तग धरतो. म्हणूनच त्याला बाहेर काढायची औषधं चालतात. पिपराझिन त्याला मारत नाही, सैल करतं. सैल पडला की रेडकाचं आतडंच त्याला शेणाबरोबर ढकलून देतं. तुमच्याकडं एक जिवंत पडला त्याला औषध लागलं नाही, तो गर्दीमुळं घसरला असावा.

वासाचं विचारलं नाहीत पण सांगतो. आतड्यात हवा जवळजवळ नाही. याला फुप्फुस नाही, कल्ले नाहीत, हृदय नाही, रक्तवाहिनी नाही. ऑक्सिजनशिवायच साखर आंबवून जगतो, आणि त्यातनं लोण्याच्या खवट वासाची आम्लं बाहेर टाकतो. पारडीच्या तोंडाला येतो तो आंबूस वास या जंतांचा. आमच्या प्रयोगशाळेत ताजा माल आला की कॉरिडॉरच्या टोकाला कळायचं. गंमत म्हणजे माणसाच्या-डुकराच्या जंताच्या अंगातल्या पाण्यात हिमोग्लोबिन असतं, ताजा जंत गुलाबी दिसायला त्याचाही हात आहे, पण ते ऑक्सिजनला इतकं घट्ट धरून बसतं की सोडतच नाही. मारवाड्याच्या तिजोरीसारखं म्हणणार होतो, नको, आमचे शेजारी वाचतील.

हात धुवा. बरणी उघडलीत तर हातमोजे घाला. दहाव्या-अकराव्या वर्षी माझ्या मनगटावर गांध्या उठायला लागल्या, शिंका, डोळ्यांतनं पाणी. फॉर्मालिन म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. फॉर्मालिन नव्हतं, जंतच होता. त्याच्या अंगरसाची ॲलर्जी येते, मेलेल्याचीही. मी पुढची वीस वर्षं रबरी मोजे घालून काढली.

येळ्ळूरचा गोठा

आण्णा, वाचून आईला मोठ्यानं सांगितलं. चिकातनं आले म्हटल्यावर ती गप्पच बसली. आमच्याकडं पहिला चीक पाजायचा म्हणजे अमृत. मग आता काय, पुढच्या वेळी चीक बंद करायचा का?

पिवळी फीत दिसली. आणि मी मोजे घातले नव्हते, आता हात खाजल्यासारखा वाटतोय 😅

नंदगडची जनावरं

चीक अजिबात बंद करू नका! पारडीला रोगाशी लढायची ताकद चिकातनंच मिळते, पहिल्या काही तासांत. मी जनावरांच्या डॉक्टरांबरोबर सहायक म्हणून फिरतो, खानापूर तालुक्यात ही चूक करून रेडकं मेलेली बघितली आहेत. चीक पाजायचा आणि जंताचं औषध वेळेवर द्यायचं. वेळ म्हणजे वयाचा १० ते १६ वा दिवस. तेव्हा दुधातनं यायच्या तेवढ्या अळ्या येऊन झालेल्या असतात आणि जंत अजून अंडी घालायला लागलेला नसतो. त्या एका डोसानं रेडकूही वाचतं आणि गोठाही. बहुतेक लोक महिना-दोन महिने थांबतात, पोट फुगल्यावर आमच्याकडं येतात.

तुमची वेळ टळली आहे, तरी औषध लागेलच. पण दुकानातनं आणून अंदाजानं पाजू नका. पोट जंतांनी भरलेलं असलं की सगळे एकदम सैल पडून आतड्यात बोळा बसतो, अशक्त रेडकू त्यात जातं. वजनावर डोस असतो. छातीचा घेर दोरीनं मोजून वजन काढतात, डॉक्टरांना ते करू द्या. सोमवारपर्यंत दूध पाजत राहा, पातळ शेण फार असेल तर पाण्याचं बघा.

आमच्या चिठ्ठीवर कन्नडमध्ये "जंतुहुळू" लिहिलेलं असतं, ते हेच. जंत तुमचा, हुळू त्यांचा, पोट एकच.

मेणाचा ट्रे

नंदगडकरांनी नेमकं सांगितलं. यातली तारीख मला माहीत नव्हती, मी आपला मेलेल्यांचा माणूस.

येळ्ळूरकर, खाज मनाची असेल. साबणानं धुतलेत ना, झालं.

गोठ्याचं एक लक्षात ठेवा. या पारडीच्या शेणातून आता अंडी पडताहेत आणि ती पडल्या पडल्या बाधत नाहीत. ओल, सावली आणि ऊब मिळाली की दोन-तीन आठवड्यांत आत अळी तयार होते, मग ती गिळली जायची वाट बघत बसते. म्हणून रोजच्या रोज शेण उचललं तर अर्धी लढाई तिथंच जिंकली. फिनाईलवर विसंबू नका. अंड्याचं कवच थरांचं असतं, आतला थर मेणचट, त्यातनं औषधं आत जात नाहीत. उकळतं पाणी, कडक ऊन आणि पूर्ण सुकणं यांना ते भितं. उकिरड्यात शेण नीट रचून आत ५५-६० अंशांपर्यंत तापलं की अंडी मरतात, पण वरची गार साल तशीच राहते, म्हणून खालीवर करायचं. येळ्ळूरच्या ओल्या सप्टेंबरात ऊन मागवून आणता येणार नाही, तेव्हा उकळतं पाणी.

कवच किती चिवट ते सांगू? जुन्या बाटलीतली एक मादी होती, वर्षभर फॉर्मालिनात पडलेली, बाटली अर्धी रिकामी. तिच्या गर्भाशयाचा तुकडा काचपट्टीवर दाबून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मादी लाकूड झालेली. आणि अंड्यांत अळ्या. वेटोळं घातलेल्या, आणि त्यातली एक हलत होती. मी सरांना हाक मारली. ते बघत राहिले, मग म्हणाले, "पाण्याचा नळ कुठं आहे?" आणि हात धुवायला गेले. मीही गेलो.

मलप्रभाकाठची

मी खानापूरची, दोन पोरांची आई. हे सगळं वाचून पोटात कसंतरी झालं. धाकटा रात्री दात खातो, सासूबाई म्हणतात जंत आहेत. शाळेत फेब्रुवारीत गोळी देतात ती एकदा चुकली. हाच जंत आमच्या घरात यायचा का, दारात म्हैस आहे?

मेणाचा ट्रे

वहिनी, म्हशीचा जंत आणि माणसाचा जंत वेगळे. माणसाचा तो ॲस्कॅरिस लुम्ब्रिकॉइडिस. लुम्ब्रिकस म्हणजे लॅटिनमध्ये गांडूळच, तेव्हा येळ्ळूरच्या आईंची चूक मोठमोठ्या लोकांनीही केलेली आहे. मादी २० ते ३५ सेंटिमीटर, नर लहान आणि त्याची शेपटी आकड्यासारखी वळलेली. मी ट्रे मांडताना डोकं कुठलं ते बघायचोच नाही, शेपटी वळलेली का एवढंच बघायचो. एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते.

तो दुधातून येत नाही, मातीतून येतो. उघड्यावर शौच, ती माती, त्या मातीतली कोथिंबीर-मुळा, न धुतलेला हात. अंडं आतड्यात फुटतं, पण अळी तिथं राहत नाही, आणि हा भाग मला अजून पटत नाही. भिंत भोकून रक्तात, यकृतात, हृदयातून फुप्फुसात जाते, तिथं दहा-चौदा दिवस काढते, मग श्वासनलिकेतनं वर घशाशी येते आणि पुन्हा गिळली जाते. एवढा प्रवास करून निघाली होती तिथंच परत. १९२२ साली शिमेसू कोइनो या जपानी डॉक्टरानं स्वतः २,००० अंडी गिळली, न्यूमोनियासारखा आजारी पडला, आणि त्याच्या थुंकीत अळ्या सापडल्या. असं करणारा माणूस आमच्या कॉलेजात असता तर त्याला चहा कोणी दिला नसता.

अंडं गिळल्यापासून नवी अंडी पडेपर्यंत दोन-तीन महिने लागतात. गोळी आतड्यात आहेत त्यांना मारते, पुढं येणाऱ्यांना अडवत नाही. म्हणून ती पुन्हा पुन्हा द्यावी लागते. शाळेतली ती अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम, १ ते १९ वर्षांच्या पोरांना, दोन वर्षांखालच्यांना अर्धी. देशभराचा तो कार्यक्रम २०१५ पासूनचा. चुकली तर आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडं विचारा. दात खाण्यावरून जंत ओळखता येत नाहीत, जंत नसलेली पोरंही दात खातात. सासूबाईंशी वाद घालू नका, गोळी द्या म्हणजे दोघींचं होईल.

म्हशीपेक्षा दारातल्या कुत्रीकडं लक्ष द्या. कुत्र्याचा टॉक्सोकारा पिल्लांना आईच्या पोटातच लागतो, आणि त्याची अंडी पोरानं गिळली तर अळी माणसात जंत होत नाही, भरकटते, कधी डोळ्यात जाऊन बसते. पिल्लांना जंताचं औषध, पोरांना हात धुवायला साबण.

कडोलीचा भाजीवाला

विषय गोठ्याचा आहे पण विचारतो. आमच्या टोमॅटोच्या मुळांना गाठी येतात, कृषी खात्याचे साहेब "सूत्रकृमी" म्हणाले. तो पण या जंताचाच भाऊ म्हणतात. खरं का? डोळ्यांना तर काही दिसत नाही.

मेणाचा ट्रे

सख्खा चुलतभाऊ. सूत म्हणून सूत्रकृमी, इंग्रजी नावही ग्रीक भाषेतल्या दोऱ्यावरूनच. आराखडा तोच, भरलेली नळी, उभे स्नायू, चार वेळा कात टाकणं. फक्त तोंडात पोकळ सुई असते, ती मुळाच्या पेशीत खुपसून रस ओढतो, आणि पेशी फुगून गाठ होते. गाठ चिरून भिंगाखाली बघा, आत मोत्यासारखी पांढरी मादी सापडेल, ती फुगून नासपतीच्या आकाराची होते. पीक बदला, मध्ये झेंडू घ्या, त्याच्या मुळांतल्या रसानं तो कमी होतो. तुमच्या बाजारात दसऱ्याला झेंडू विकला जातोच.

मातीत असाच एक मोकळा जगणारा आहे, सी. एलेगन्स, एक मिलिमीटरचा. त्याच्या अंगात बीजपेशी सोडून नेमक्या ९५९ पेशी, त्यांतल्या ३०२ मज्जापेशी, आणि प्रत्येकीचा जन्म कुठून झाला ते लोकांनी मांडून ठेवलंय. त्यावर २००२ चं नोबेल मिळालं. मला त्यातलं एकच लक्षात राहिलं, ते आमच्या मोठ्या जंतातही दिसतं. आपल्यात मज्जातंतू स्नायूपर्यंत जातो. यांच्यात स्नायूच हात लांब करून मज्जारज्जूपर्यंत जातो. आडवा छेद घेतलेली काचपट्टी होती आमच्याकडं, प्रत्येक स्नायूपेशीची एक शेपटी रज्जूकडं गेलेली, जत्रेत दोर ओढायला हात लांबवल्यासारखी. पोरं ती बघून पुढं जायची. मी रोज पुसायचो म्हणून मला ती पाठ.

येळ्ळूरचा गोठा

गौरी गेल्या, आज वेळ मिळाला म्हणून लिहितो. डॉक्टर आले, दोरीनं छाती मोजली, पाजायचं औषध दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आणि संध्याकाळी मिळून ४१ जंत पडले. मी मोजले, बायको म्हणाली तुझं डोकं फिरलंय. पारडीचं पोट उतरलंय, वास गेला, कालपासून पुन्हा हिसके देते. शेण अजून पातळ आहे. डॉक्टर म्हणाले तीन आठवड्यांनी आणखी एक डोस.

४१ पैकी शेपटी वळलेले १३. बरोबर बघितलं का माहीत नाही, पण आण्णांच्या पद्धतीनं.

धाकटी म्हैस दिवाळीनंतर व्यायची आहे. आईनं स्वतःच दिनदर्शिकेच्या मागं लिहून ठेवलंय, "व्याल्यावर बाराव्या दिवशी डॉक्टर."

मेणाचा ट्रे

१३ नर आणि २८ माद्या, पटण्यासारखं आहे. एक नर आणि एक मादी माझ्यासाठी ठेवा, साध्या पाण्यात नको. शनिवारी मी येळ्ळूरला मेहुण्याकडं येणार आहे, फॉर्मालिनची बाटली घेऊन येतो. माझ्याकडचा रेडकाचा जंत कॉलेजातच राहिला.

येळ्ळूरचा गोठा

ठेवलेत. मिठाच्या पाण्यात, ९ ग्रॅम सोनाराच्या काट्यावर मोजून आणलं. फक्त शनिवारी नक्की या, बायकोनं बरणी मसाल्याच्या फळीवरनं दोनदा बाहेर काढलीय.